पड टाकलेली वर्षं

शाळेच्या भूगोलात फिरत्या शेतीला जेमतेम अर्धं पान मिळतं. डोंगरातले आदिवासी जंगल तोडतात, जाळतात, दोन-तीन वर्षं पीक घेतात आणि जमिनीचा कस उतरला की पुढच्या उताराला लागतात. ईशान्येकडे तिला झूम म्हणतात, भामरागडच्या माडियांकडे पेंडा, बैगांकडे बेवर, ओडिशा-आंध्राच्या घाटांत पोडू. मग जोड्या लावा. ही माणसं काही वर्षांनी त्याच उतारावर परत येतात, आजोबांनी जिथे शेत केलं तिथेच नातू करतो, हे त्या अर्ध्या पानात मावत नाही. त्यामुळे झूम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धूर येतो. सरकारी फायलींतही बराच काळ तोच भरलेला होता.

या प्रकरणात नागालँडबद्दल लिहितो आहे. याचं मुख्य कारण असं, की इथे डोंगर अजून गावाच्या मालकीचे आहेत. संविधानाच्या ३७१-अ कलमामुळे जमिनीची मालकी आणि तिचं हस्तांतर यांबाबत संसदेचा कायदाही राज्याच्या विधानसभेनं ठराव केल्याशिवाय इथे लागू होत नाही. त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या डोक्यानं काही करून बघायला जागा मिळाली, आणि त्यानं काय काय करून बघितलं हे आपल्याला पाहता येतं. बाकी देशात ती जागाच बहुतेकांच्या हातून गेली होती. त्याकडे पुढे येऊ.

थंडी पडली की गाव पुढच्या वर्षीचा उतार ठरवायला बसतं. कुठला डोंगर, कुठून कुठपर्यंत, कुणाच्या वाट्याला किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं नसतं. सगळ्यांची शेतं एका सलग पट्ट्यात येतात, त्याला कारणं अगदी व्यवहारी आहेत. जाळताना आग आवरायला हात लागतात. पीक उभं राहिलं की रानडुकरं आणि पाखरं हाकायला शेजार लागतो. एकट्यादुकट्याचं शेत जंगलात पडलं तर कणसं घरी येण्याआधीच फस्त होतात. उतार ठरला की दाओ, म्हणजे रुंद पात्याचा नागा कोयता, घेऊन तोडणी सुरू होते. मोठ्या झाडांचे बुंधे राहू देतात, मुळांना हात लावत नाहीत. तोडलेली झुडपं-फांद्या महिना-दोन महिने उन्हात वाळतात आणि मार्चच्या सुमारास, वळीव यायच्या आत, पेटवतात. अर्धवट जळलेले ओंडके गोळा करून उताराला आडवे टाकायचे, म्हणजे पावसात माती त्यांना अडते. वरून पाहणाऱ्याला ते नुसते काळे ओंडके पडलेले वाटतात. प्रत्यक्षात तो बांध असतो.

पहिल्या सरींबरोबर पेरणी. नांगर नाही, कारण या चढावर बैल उभा राहणार नाही आणि राहिला तरी नांगरलेली माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात जाईल. छोट्या खुरपीनं माती नुसती उकरायची आणि बी टाकायचं. भात हे मुख्य पीक, पण एका शेतात वीस-पंचवीस जाती सहज निघतात: मका, राळा, अळकुड्या, काकडी, भोपळा, मिरची, आलं, तीळ, घेवडे, अंबाडी, सोयाबीन. काहीजण जॉब्ज टिअर्स नावाचं टपोऱ्या, कठीण दाण्यांचं तृणधान्य कडेकडेनं लावतात. काकडी आणि मका भर पावसाळ्यात हाताशी येतात, भात ऑक्टोबरात, मिरची आणि कंद त्यानंतरही मिळत राहतात. उंच, ठेंगणी, पसरणारी अशी सगळी पिकं एकत्र असल्यामुळे जून-जुलैच्या माऱ्यात माती उघडी पडत नाही. भात हुकला तर अळकुड्या आहेत. ही मिसळ गबाळेपणातून आलेली नाही.

आता आगीबद्दल. या डोंगरांची माती आम्लधर्मी आहे, पाऊस तिच्यातला चुना आणि पोटॅश सतत धुऊन नेत असतो. जंगलाचं खरं भांडवल मातीत कमी आणि झाडांच्या अंगात जास्त असतं. जाळल्यावर त्यातलं पोटॅश, स्फुरद आणि चुना राखेत उतरतो, मातीची आम्लता काही काळ कमी होते, वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडे मरतात. कोकणात रोप टाकण्याआधी वाफ्यावर पाला-टहाळ पसरून राब भाजतात त्यामागे हेच गणित आहे, फक्त तिथे ते वाफ्यापुरतं असतं. आगीत तोटाही होतो. नत्र आणि गंधक धुराबरोबर हवेत जातं. राखेतलं धन पिकानं उचललं नाही तर पाऊस उचलतो. पहिलं पीक जोमदार येतं, दुसरं मध्यम, तिसऱ्याला हात घालण्यात अर्थ नसतो.

तिसऱ्या वर्षी शेत सोडायचं कारण विचारलं तर बाहेरचा माणूस ‘कस गेला’ असं सांगतो. शेतातली बाई तणाचं नाव घेते. पहिल्या वर्षी निंदणी दोन-तीन वेळा, दुसऱ्या वर्षी त्याहून जास्त, आणि ती सगळी बायकांच्या पाठीवर. झूमच्या कष्टाचा मोठा वाटा पेरणीत किंवा कापणीत नसतो, तो या निंदणीत असतो. पड टाकण्याचा पहिला उपयोग म्हणूनच तणाशी आहे. उतार सोडला की आधी गवत आणि रानमारीसारखी झुडपं माजतात, मग त्यांच्या डोक्यावर बांबू येतो, मग राहिलेल्या बुंध्यांना फुटवे येऊन झाडं वर सरकतात. सावली पडली की ऊन मागणारं तण मरतं. झाडांची खोल मुळं खालच्या थरातलं अन्न वर आणतात, पाला पडत राहतो, माती पुन्हा काळी होऊ लागते. एवढं सगळं व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळच आता उरलेला नाही.

पूर्वी पंधरा-वीस वर्षांनी, काही डोंगरांत त्याहूनही उशिरा, एखाद्या उताराची पाळी येत असे. आता दहाच्या आत येते, कुठे कुठे चार-पाच वर्षांत. माणसं वाढली हे सरळ कारण. दुसरं कारण फारसं लिहिलं जात नाही: पोरं शाळेत जातात, रस्ता झाला, दवाखाना झाला, मग तीन तास चालून पलीकडच्या डोंगरावर कोण शेत करणार? लांबचे उतार तसेच राहतात आणि गावाजवळच्या उतारांवर पाळी लवकर लवकर येते. नकाशावर जमीन भरपूर दिसते, पायाखाली मात्र कमी पडते.

पाळी आखडल्यावर काय होतं याचा सविस्तर हिशेब पी. एस. रामकृष्णन या परिसरशास्त्रज्ञानं मांडला. शिलाँगच्या विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेघालयातल्या झूम शेतांमध्ये उत्पन्न, कष्ट, राख, वाहून गेलेली माती, तणाचं वजन अशा बारीकसारीक गोष्टी वर्षानुवर्षं मोजल्या. १९९२ साली हे काम ग्रंथरूपानं आलं. त्यांचा निष्कर्ष असा, की पड किमान दहा वर्षांची असेल तर झूम ही मातीच्या आणि शेतकऱ्याच्या दोघांच्याही दृष्टीनं परवडणारी शेती आहे. पाच वर्षांवर आली की जंगलाला सावरायला वाव मिळत नाही, तण हाताबाहेर जातं आणि कष्टाच्या मानानं पदरात काही पडत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. पडीत काय उगवतं यावरही बरंच अवलंबून असतं. बांबू पोटॅश धरून ठेवतो, आल्डरचं झाड नत्र धरून ठेवतं. म्हणजे पड लांब ठेवणं जमत नसेल तर तिच्यात काय वाढावं हे तरी आपल्याला ठरवता येईल.

माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि सरकारी योजनांनी नेमकी त्याच्याकडे पाठ फिरवली. योजनांना वर्ष दिसतं ते पिकाचं. त्यामुळे उपाय सुचला तो कायमच्या शेतीचा: उतार खोदा, मजगी करा, खतं घ्या, एका जागी बसा. मजगी करताना वरचा सुपीक थर खाली गाडला जातो आणि पोटातली लाल, आंबट माती वर येते. पाण्याची सोय नसेल तर त्या मजगीवर भात येत नाही, असली तरी खत विकत आणावं लागतं, आणि तण तर दरवर्षी असतंच. अनुदान संपलं की अशा अनेक मजग्या ओस पडल्या. मजगीशेती मुळात वाईट आहे असं मुळीच नाही. अंगामी नागांची पाण्यावरची भाताची मजगी देखणी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पण ती झऱ्याच्या वाटेवर आहे. झरा नाही तिथे ती नेऊन बसवता येत नाही.

या अंगामींचंच खोनोमा गाव कोहिम्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते १८७९ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लढाईसाठी येतं, पक्षीप्रेमींना ते ब्लाइथ्स ट्रॅगोपान या पक्ष्यासाठी गावानं १९९८ साली स्वतःहून राखलेल्या जंगलामुळे ठाऊक आहे. शेतीच्या अभ्यासकांना त्याची ओढ आल्डरमुळे. हे झाड नेपाळात उतीस म्हणून ओळखतात. ते शेंगावर्गीय नाही, तरी त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र मातीत आणून देतात. झाड झपाट्यानं वाढतं, दरड कोसळलेल्या उघड्या मातीवरही रुजतं.

गावच्या उतारावर ही झाडं विरळ अंतरानं उभी असतात. रोप सहा ते दहा वर्षांचं झालं, साल खडबडीत होऊन भेगाळली, की साधारण पुरुषभर उंचीवर त्याचं डोकं उडवायचं. कापाच्या तोंडावर चिखल थापून वर दगड ठेवायचीही रीत आहे. फांद्या घरी जळणाला जातात, पाला आणि बारीक काटक्या शेतात पसरून जाळतात. ही आग आल्डरच्या खोडापाशी भडकणार नाही याची काळजी घेतलेली असते. मग झाडांच्या मधल्या जागेत राळा, मका, मिरची, बटाटा, जॉब्ज टिअर्स. डोकं उडवलेल्या खोडाला थोड्याच दिवसांत ढीगभर धुमारे फुटतात. सगळे ठेवले तर पिकावर सावली येईल आणि एकही धड वाढणार नाही, म्हणून त्यांतले चार-पाच ठसठशीत ठेवून बाकीचे खुडून टाकतात. पीक निघून शेत पडीला गेलं की ठेवलेले धुमारे वर जातात, नत्र साठवतात, पाला ढाळतात आणि पुढच्या पाळीला जळण आणि राख होऊन परत येतात. एकाच खोडावर हे पुन्हा पुन्हा झाल्यामुळे जुन्या आल्डरची डोकी गाठीगाठींची, फुगलेली, मुठी वळल्यासारखी दिसतात. काही खोडं कित्येक पिढ्यांनी कापलेली आहेत.

याचा परिणाम असा, की जिथे एरवी दोन वर्षांच्या पिकासाठी दहा वर्षं थांबायचं तिथे खोनोमाला चार वर्षांच्या फेऱ्यात दोन वर्षं पीक मिळतं. पड आखडली पण रिती झाली नाही. बुंधा उंच ठेवण्यामागे आग आणि गुरं यांच्यापासून कोंब वाचवायचा हिशेब आहे, धुमारे मोजून ठेवण्यामागे सावलीचा. हे कुठल्या कृषी विद्यापीठानं शिकवलेलं नाही. १९८५ मध्ये नागालँडच्या शिक्षण खात्यानं कोहिम्याहून आल्डरच्या या वापरावर एक पुस्तक काढलं, आणि गावाबाहेरच्या जगाला ही पद्धत नीट कळायला त्याची मदत झाली. चार लेखकांपैकी पहिलं नाव ए. एम. गोखले. हे राज्याच्या प्रशासनातले अधिकारी. मराठी वाचकाची नजर या आडनावावर थबकणारच, आणि थबकू द्यावी.

आल्डरची मर्यादाही लगेच सांगायला हवी. हजार-बाराशे मीटरच्या वर त्याला मानवतं. खालच्या, उष्ण डोंगरांत लावून तसा फायदा होत नाही. खोनोमाची पद्धत उचलून सगळीकडे नेऊ पाहणारे योजनाकार इथे अडकतात. फेक जिल्ह्यातल्या किक्रुमा गावानं वेगळाच मार्ग काढलेला आहे. त्यांच्या ‘झाबो’ रचनेत डोंगरमाथ्यावर जंगल राखलेलं, त्याखाली पावसाचं पाणी साठवायला तळी, त्याखाली गुरांचे गोठे आणि सर्वांत खाली भाताची खाचरं. तळ्यातून सोडलेलं पाणी गोठ्यांमधून काढतात, त्यामुळे ते शेण-मूत घेऊनच खाचरात उतरतं. खाचराचा तळ तुडवून इतका घट्ट करतात की पाणी झिरपत नाही, आणि भातात मासेही सोडतात. जिथे नदी नाही, मोठा झरा नाही, त्या गावानं पावसावर आणि गुरांवर भातशेती उभी केली. दोन्ही गावं एकाच राज्यात, फार लांबही नाहीत, आणि उत्तरं अगदी निराळी.

१९९० च्या दशकाच्या मध्यात कॅनडाच्या मदतीनं सुरू झालेल्या नेपेड या प्रकल्पानं हे ओळखलं. नागालँड एन्व्हायरन्मेंटल प्रोटेक्शन अँड इकॉनॉमिक डेव्हलपमेंट असं त्याचं लांबलचक नाव. झूम बंद करा असं तो म्हणाला नाही. शेत तोडलंच आहे, पेरणी होणारच आहे, तर त्याच वेळी त्याच शेतात झाडांची रोपं लावा, असं त्याचं सांगणं होतं. दोन वर्षं निंदणी होते ती भातासाठी. तिच्यात रोपं आपोआप निंदली जातात, वेगळी मजुरी पडत नाही. शेतकरी शेत सोडून जातो तेव्हा मागे पड उरत नाही, वाढती बाग उरते. कुठली झाडं लावायची हे शेतकऱ्यानं ठरवायचं. कुणी शिवण लावली, कुणी साग, कुणी होलोक, वरच्या गावांनी आल्डर. राज्यातल्या बहुतेक गावांत प्रयोगाची शेतं झाली आणि शेजारच्यांनी बघून आपापल्या शेतात लावली, तीही मोठ्या प्रमाणावर. सरकारी वनीकरणाचे कागद आणि प्रत्यक्षातली रोपं यांचं नातं आपल्याला ठाऊक आहे, त्या मानानं हे वेगळंच म्हणायचं.

चुका झाल्या त्या शिकण्यासारख्या आहेत. गावाच्या बैठकीत बसणारे सगळे पुरुष. जमिनीचा वारसाही पुरुषांकडे. रोपं कुठली आणि किती हे त्यांनी ठरवलं आणि निंदणी करताना रोप वाचवायचं काम बायकांवर पडलं. इमारती लाकडाची झाडं पंधरा-वीस वर्षांनी पैसा देणार आणि तो ज्याची जमीन त्याला. भाजी-मिरची देणारी जागा मात्र आज कमी होणार. नागालँडमध्ये झूमचं शेत बायका चालवतात, डोंगर पुरुषांच्या नावावर असतो. याकडे दुर्लक्ष करून आखलेली कुठलीही ‘शाश्वत’ योजना अर्धी आहे. प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात गावपातळीवरच्या छोट्या कर्जांकडे आणि आलं, वेलची अशा लवकर पैसा देणाऱ्या पिकांकडे भर वळला.

दुसरा घाव बाहेरून आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानं ईशान्येतल्या राज्यांतून लाकूड बाहेर पाठवणं थांबलं. जंगलतोडीचे ठेकेदार माजले होते, आदेशाची गरज होती यात शंका नाही. पण शेतात स्वतः लावलेली शिवण आणि जंगलातून चोरलेला ओंडका यांतला फरक नाक्यावर कळत नाही. झाड लावा म्हणून सांगितलेल्या शेतकऱ्याला ते विकायची वाटच अवघड झाली.

इथे महाराष्ट्राकडे वळायला हवं, कारण आपल्याकडे हीच शेती होती आणि तिचं काय झालं ते समोर आहे. रायगड-ठाण्याच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी नाचणी-वरी घ्यायचे त्या उतारशेतीला दळी म्हणत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वनखात्यानं डोंगर राखीव केले, दळी आखून दिलेल्या तुकड्यांपुरती कोंडली. तुकडा कोंडला की पड संपली, कारण पड टाकायला दुसरा उतारच उरला नाही. मग त्याच तुकड्यावर वर्षामागून वर्ष वरी, आणि माती गेली म्हणून शेतकऱ्यालाच दोष. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दळीच्या जुन्या नोंदी दाव्यांमध्ये पुरावा म्हणून पुढे आल्या, तेव्हा शेतकऱ्यांना हक्क मिळाला तो त्या आखडलेल्या तुकड्यांवर. भोवतालचे डोंगर परत आले नाहीत. ही शेती मालकीच्या प्रश्नापासून वेगळी काढून सुधारता येत नाही, आणि खोनोमा व दळी शेजारी ठेवले की ते लख्ख दिसतं.

नागालँडमध्ये मालकी टिकली तरी कागदावर पडीला नाव नाही. उपग्रहाच्या चित्रात तोडलेला उतार जंगल गेल्याचा लाल ठिपका होतो आणि आठ वर्षांनी तोच उतार जंगल वाढल्याचा हिरवा ठिपका होतो. शेती म्हणून तो दोन्ही वेळा मोजला जात नाही. मग पीककर्ज नाही, विमा नाही, कृषी खातं म्हणतं ते वनखात्याचं, वनखातं म्हणतं ती शेती. नीती आयोगाच्या एका कार्यगटानं २०१८ च्या अहवालात सुचवलं, की ज्या जमिनीवर फिरती शेती आणि झाडांसह शेती होते तिला वनजमीन न मानता शेतजमीन म्हणून मान्यता द्यावी. सूचना चांगली होती.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्रानं पाम तेलाची ११,०४० कोटी रुपयांची मोहीम मंजूर केली, ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारवर खास भर देऊन. पाम लावला की पंचवीस-तीस वर्षं जमीन अडकते. झूम घालवण्यासाठी तो आधीच मिझोरमच्या डोंगरांत आणलेला होता. तिथे दाम्पा अभयारण्याच्या भोवतालच्या पक्ष्यांची पाहणी जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी केली. ती २०१६ मध्ये छापून आली. झूमची शेतं, त्यांची पड आणि मधली जंगलं मिळून जे रान तयार होतं त्यात जंगलातले पक्षी पामच्या किंवा सागाच्या लागवडीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. पामच्या बागा मात्र सरकारी हिशेबात ‘झूम सोडवली’ या रकान्यात जमा होतात. आणि बाग एकदा एकाच्या नावावर लागली की गाव पुढच्या थंडीत उतार वाटून घ्यायला बसतं तेव्हा त्या उताराचं नाव यादीतून गेलेलं असतं, ज्या घराकडे जमीन नव्हती पण दरवर्षी गावाकडून तुकडा मिळत होता त्या घराच्या वाट्यासकट.